गळाची मासेमारी आणि माशाचं माप: तलवार माशापासून सुरमई-जिताड्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत खडकावरून, जेटीवरून किंवा होडीतून हौसेने गळ टाकणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किमान माप म्हणजे काय? आपल्याकडे असा नियम खरंच आहे का?

आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. केरळने ही सुरुवात २०१५ मध्येच केली होती. आपली मापं केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या शिफारशींवर बेतलेली आहेत. रुपेरी पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, बांगडा ११०, हलवा १७०, सुरमई ३७०, कुपा ३८० आणि घोळ ७०० ही त्यातली नेहमी विचारली जाणारी मापं. पापलेट आणि बोंबील गळाला क्वचितच लागतात. गळवाल्याने सुरमई, कुपा, घोळ आणि आमिषासाठी बांगडा एवढी चार मापं तरी तोंडपाठ ठेवावीत. पूर्ण यादी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात मिळते.

२. खरा नाश ट्रॉलर आणि पर्ससीनवाले करतात. रविवारी एक रॉड घेऊन बसणाऱ्याला माप कशाला?

मोठ्या जाळ्यांचं नुकसान मोठं आहे, यात वाद नाही. पण मापाचा नियम मासा कशाने धरला हे बघत नाही, मासा केवढा आहे हे बघतो.

दुसरी गोष्ट, गळवाला बसतो कुठे ते पाहा. खाडीचं तोंड, कांदळवनाची कड, जेटीचे खांब, बंदराचा बांध. नेमकी हीच पिल्लांची वाढायची ठिकाणं आहेत. तांबोशाची पिल्लं काही वर्षं खाडीत, कांदळवनाच्या मुळांत काढतात आणि वयात आल्यावर बाहेर खडकाळ समुद्रात जातात. म्हणजे खाडीत लागणारा अर्धा किलोचा तांबोसा हा लहान चणीचा मासा नसून पिल्लू असतो. एकाच जेटीवर वीस जण दर रविवारी अशी पाच-पाच पिल्लं पिशवीत टाकत असतील, तर त्या खाडीतून बाहेरच्या खडकापर्यंत पोचणार काय?

आणि गळवाल्याकडे एक सोय आहे जी जाळ्याकडे नाही. मासा हातात येतो तेव्हा तो बहुतेक वेळा जिवंत असतो. त्याला सोडता येतं.

३. मासा मोजायचा कसा? टेप लावली की प्रत्येक वेळी वेगळं माप येतं.

लांबी तीन प्रकारची असते, पहिला घोळ तिथे होतो.

एकूण लांबी: मिटलेल्या तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटापर्यंत.
बेचक्यापर्यंतची लांबी: तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत. सुरमई, कुपा अशा खोल बेचक्याच्या शेपटीला हे माप जास्त भरवशाचं.
खालच्या जबड्यापासूनची लांबी: खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत. तलवार मासा, सेलफिश आणि मार्लिन असेच मोजतात. वरच्या जबड्याची तलवार मापात धरत नाहीत, कारण ती मोडलेली असू शकते.

एकाच सुरमईच्या एकूण लांबीत आणि बेचक्यापर्यंतच्या लांबीत काही सेंटिमीटरचा फरक पडतो. बेचक्यापर्यंत मोजूनही मासा मापात बसला तर शंका उरत नाही. काठावर असेल तर सोडा.

दुसरा घोळ टेपचा. टेप माशाच्या पोटावरून वळवून नेली की माप वाढतं, आणि मासा जितका जाड तितकं जास्त वाढतं. लांबी नेहमी सरळ रेषेत मोजायची. त्यासाठी घरच्या घरी मोजपट्टी करता येते. चार इंची पीव्हीसी पाइपचा सव्वा मीटरचा तुकडा उभा चिरा, एका अर्ध्या भागाच्या टोकाला झाकण चिकटवा आणि झाकणाच्या आतल्या बाजूपासून शून्य धरून खुणा करा. मार्करच्या खुणा खाऱ्या पाण्याने दोन-तीन फेऱ्यांत पुसट होतात. हॅक्सॉच्या पात्याने बारीक खाचा पाडा आणि त्यात रंग भरा. ३७०, ३८० आणि ७०० मिलिमीटरच्या खाचा लाल ठेवा. वापरण्यापूर्वी पाइपवर पाणी ओता, कारण उन्हात तापलेलं प्लास्टिक माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर काढून घेतं. माशाचं तोंड झाकणाला टेकवा, एक हात पोटाखाली ठेवा, खाच बघा आणि संपलं. पाच सेकंदांचं काम आहे.

४. ३७० मिलिमीटरच्या वरची सुरमई म्हणजे बिनधास्त ठेवायची ना?

कायद्याने चालेल, पण ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

किमान माप ही तळाची रेघ आहे. सुरमई साधारण ७० सेंटिमीटरच्या आसपास वयात येते. ४० सेंटिमीटरची सुरमई मापात बसते खरी, पण तिने आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसतात. जाळ्यात एकाच ओढीत लहान-मोठं सगळं येतं, त्यामुळे कायद्यातलं माप ठरवताना मच्छीमाराचं पोटही बघावं लागतं. हौसेने जाणाऱ्यावर तसलं काही ओझं नाही. त्याने आपलं माप कायद्याच्या वर ठेवावं: माशाने निदान एकदा तरी प्रजनन केलेलं असावं.

सुरमईसाठी ही रेघ ७० सेंटिमीटरला आखा. रोज किती मासे न्यायचे हेही घरून ठरवून निघा. चार माणसांच्या घराला अडीच-तीन किलोची एक सुरमई दोन वेळांना पुरते. दुसरी लागली तर सोडायची, हे गळ टाकण्याआधी ठरलेलं असलं की सोडताना हात जड होत नाही.

५. मग लहान सोडायचे आणि जास्तीत जास्त मोठे ठेवायचे, बरोबर?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. जिताड्याचं उदाहरण घ्या. जिताडा नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. मोठा जिताडा म्हणजे जवळजवळ हमखास मादी. रायगडच्या खाड्यांतून आठ-दहा किलोचे जिताडे वेचून काढत राहिलं तर मागे नुसते नर उरतील. गोब्र्याचं उलटं आहे: आधी मादी, मोठा झाल्यावर नर. तिथे मोठे काढले तर नर संपतात.

म्हणून काही ठिकाणी खालचं आणि वरचं अशी दोन्ही मापं असतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर जिताडा ५८ सेंटिमीटरहून लहान ठेवता येत नाही आणि १२० सेंटिमीटरहून मोठाही नाही. आपल्याकडे वरचं माप नाही. तरी जिताडा आणि गोब्र्यासाठी मधल्या आकाराचा एक ठेवावा आणि दांडगा मासा फोटो काढून सोडावा. खायलाही मधलाच चांगला लागतो.

६. तलवार मासा कोकणात गळाला लागतो का?

किनाऱ्यावरून कधीच नाही. तो खोल महासागरातला मासा आहे. दिवसा चार-सहाशे मीटर खोल असतो आणि रात्री वर येतो. कोकणासमोरचा समुद्र दूरपर्यंत उथळ आहे. मुंबईसमोर हा उथळ पट्टा सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक हा प्रवाळाचा उंचवटा आहे. त्याच्याही पलीकडे समुद्र खोल होतो तिथून पुढे तलवार माशाचं पाणी सुरू होतं. एका दिवसात जाऊन येण्याचा हा बेत नाही, आणि लहान फायबर होडीने तर नाहीच.

सेलफिश मात्र उथळ पट्ट्यातही येतो. सुरमईसाठी ट्रोलिंग (चालत्या होडीमागे आमिष ओढणं) करताना अचानक शीड उभारून उडी मारणारा मासा दिसला, तर तो सेलफिश असण्याची शक्यता जास्त.

७. तलवार मासा, सेलफिश, मार्लिन आणि करवत मासा यांतला फरक कसा ओळखायचा?

तलवार मासा: तलवार लांब, रुंद आणि चपटी. पोटाखाली पर नाहीत. मोठ्या माशाला दात आणि खवले नसतात. शेपटीच्या बुडाशी प्रत्येक बाजूला एकच आडवी कड. डोळा फार मोठा.

सेलफिश: चोच गोलसर. पाठीवर अंगाच्या उंचीहून उंच शीड. पोटाखाली दोन लांब, बारीक पर. शेपटीच्या बुडाशी प्रत्येक बाजूला दोन कडा.

मार्लिन: चोच गोल आणि जाड, पाठीचा पर पुढे उंच आणि मागे उतरता. पोटाखाली पर असतात, शेपटीशी दोन कडा.

घाईत एकच खूण बघायची असेल तर पोटाखालचे पर बघा. नसतील तर तलवार मासा.

करवत मासा या तिघांपैकी कोणाचाही नातेवाईक नाही. तो पाकटाच्या कुळातला. त्याच्या चपट्या मुस्कटाला दोन्ही कडांनी दाते असतात आणि तोंड अंगाच्या खालच्या बाजूला असतं. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाळलेली करवत घरात टांगून ठेवणंसुद्धा गुन्हा ठरतो. प्रश्न १७ पाहा.

८. तलवार माशाला कायदेशीर माप किती?

ते समुद्रावर अवलंबून आहे. इंटरनेटवर सापडणारं माप बहुतेक वेळा अटलांटिकचं असतं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर हौशी मच्छीमाराला खालच्या जबड्यापासून ४७ इंच, म्हणजे ११९ सेंटिमीटरपेक्षा लहान तलवार मासा ठेवता येत नाही. माणशी एक, खासगी बोटीवर एका फेरीला जास्तीत जास्त चार. परवाना लागतो, ठेवलेल्या माशाची नोंद २४ तासांत करावी लागते आणि तो मासा विकता येत नाही. भूमध्य समुद्रात माप १०० सेंटिमीटर आहे.

आपण हिंदी महासागर टूना आयोगाच्या क्षेत्रात येतो आणि भारत या आयोगाचा सदस्य आहे. आयोगाच्या २०१८ च्या ठरावात ६० सेंटिमीटरपेक्षा लहान मासा बोटीवर ठेवू नये, लगेच सोडावा, असं आहे. पण तो ठराव काळा, निळा आणि पट्टेरी मार्लिन आणि सेलफिश या चार जातींसाठी आहे. तलवार मासा त्यात नाही. ६० सेंटिमीटरचं माप तलवार माशाला लावून सांगणारे बरेच आहेत, ते चुकतात.

हौशी माणसाने स्वतःसाठी काय धरावं? हिंदी महासागरात मादी तलवार मासा साधारण १७० सेंटिमीटरला आणि नर १२० सेंटिमीटरच्या आसपास वयात येतो. नर-मादी बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून १७० सेंटिमीटरखालचा प्रत्येक तलवार मासा सोडावा. त्या मापाचा मासा साठ-सत्तर किलोचा भरतो. त्याहून मोठा ठेवलाच, तर बोटीला मिळून एक.

९. एक मीटरचा मासा लहान कसा म्हणायचा?

कारण तलवार मासा पहिल्या वर्षातच सुमारे ९० सेंटिमीटर होतो. एक मीटरचा तलवार मासा जेमतेम वर्षाचा असतो आणि हा मासा तीस वर्षांहून जास्त जगू शकतो. अटलांटिकमधलं ११९ सेंटिमीटरचं मापही मादी वयात येण्याच्या बरंच खाली आहे. प्रश्न ४ मधली सुरमईची गोष्ट इथेही तीच.

१०. मापं पाळून खरंच मासा परत वाढतो का, की हे कागदावरच?

वाढतो. उत्तर अटलांटिकमधला तलवार मासा १९९० च्या दशकात धोक्याच्या पातळीखाली गेला होता. १९९९ मध्ये अटलांटिकमधल्या टूना आणि तलवार माशांवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने दहा वर्षांचा आराखडा घेतला. देशनिहाय कोटा, किमान माप, आणि अमेरिकेने फ्लोरिडाजवळच्या पिल्लांच्या पाण्यात लाँगलाइनला (शेकडो गळ लावलेल्या लांबलचक दोराला) बंदी. २००९ पर्यंत साठा सावरल्याचं आयोगाने जाहीर केलं. एकट्या मापाने हे झालं नाही. लहान मासे लागतात ती जागाच काही काळ मोकळी सोडली, याचा त्यात मोठा वाटा होता. कोकणात खाडीच्या तोंडाशी पिल्लांची झुंड लागली की गळ उचलून जागा बदलणं, हे त्याचंच छोटं रूप आहे.

११. मासा सोडायचा तर गळ कोणता वापरावा?

नैसर्गिक आमिषासाठी सर्कल हूक. याचं टोक दांडीकडे काटकोनात वळलेलं असतं. मासा आमिष गिळून वळला की गळ घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. घेताना टोक आणि दांडी एकाच रेषेत आहेत ना, ते बघा. टोक बाजूला कललेला सर्कल हूक घशात अडकतो आणि सगळा फायदा जातो. जिवंत आमिषावर सुरमईला ५/० ते ७/० क्रमांकाचा गळ, तांबोशाला ४/० ते ६/०, सेलफिशला ९/० च्या आसपास.

सर्वांत जास्त चूक होते ती झटका मारण्यात. साध्या गळाची सवय असलेला हात चावा जाणवताच रॉड वर खेचतो आणि सर्कल हूक तोंडातून रिकामा बाहेर येतो. चार वेळा असं झालं की माणूस म्हणतो, हा गळ बेकार. झटका मारायचाच नाही. तंगूस (नायलॉनचा दोर) ताणू द्या, रॉड वाकू द्या आणि मग सावकाश रील फिरवा.

आमिष लावताना गळाचं तोंड मोकळं राहिलं पाहिजे. बांगड्याचा जाड तुकडा गळात गच्च भरला तर टोकाला जागाच उरत नाही. ल्युअरवर (नकली आमिषावर) तीन टोकांचे गळ असतील तर ते काढून एकेरी लावा आणि पक्कडीने टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाका. स्टेनलेस गळ नको. तुटून माशाच्या तोंडात राहिला तर लवकर गंजत नाही.

१२. गळ घशात खोल गेला. काढू की राहू दे?

राहू द्या. तंगूस तोंडाच्या शक्य तितकं जवळ कापा आणि मासा सोडा. खोल गेलेला गळ ओढून काढताना कल्ले फाटतात आणि कल्ल्यातून रक्त सुरू झालं की मासा वाचत नाही. आत राहिलेला साधा लोखंडी गळ गंजून निघून जाण्याची शक्यता बरी असते. कल्ल्यातून आधीच रक्त येत असेल आणि मासा मापात असेल, तर सोडण्याऐवजी तोच ठेवा आणि त्या दिवशी पुढचा धरू नका.

१३. सुरमई किंवा कुपा सोडला की उलटा होऊन बुडतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा लढत फार लांबलेली असते. या माशांना श्वासासाठी सतत पुढे पोहावं लागतं, तोंडातून पाणी कल्ल्यांवरून गेलं तरच प्राणवायू मिळतो. बारीक तंगुसावर अर्धा तास दमवलेला मासा हवेत धरून फोटो काढला की त्याचा श्वास दोनदा तुटतो. जाड दोर आणि घट्ट ड्रॅग (रीलचा ब्रेक) वापरून मासा लवकर आणा. मोठा असेल तर बोटीत घेऊच नका. बोटीच्या कडेलाच गळ काढा, एका हाताने शेपटीचं बूड आणि दुसऱ्याने पोट धरा. बोट अगदी सावकाश पुढे चालवत तोंड पाण्याच्या दिशेला ठेवा. शेपूट जोर करायला लागली की सोडा. मासा मागे-पुढे हलवायचा नाही, मागे ओढलं की कल्ल्यांत उलटं पाणी जातं. कोरडा हात, फडकं, सुती हातमोजा यांपैकी काहीच नको.

१४. खोल पाण्यातला तांबोसा किंवा गोब्रा वर आला की तोंडातून फुगा येतो. तो मेला समजायचा का?

नाही. वीस-तीस मीटरहून खोल पाण्यातून पटकन वर आणलं की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून बाहेर ढकललं जातं. तो फुगा टोचू नका. तो जठर असतो, हवेची पिशवी नव्हे. असा मासा तसाच सोडला तर वर तरंगत राहतो आणि घारी-समुद्रपक्षी त्याचे डोळे काढतात.

त्याला परत खाली पोचवायचं. एका मजबूत दोराला एक-दीड किलो शिसं बांधा. शिशाच्या थोडं वर, काटा काढलेला मोठा गळ टोक खाली राहील असा उलटा बांधा. तो माशाच्या खालच्या जबड्यात अडकवा आणि मासा पंधरा मीटर तरी खाली उतरवा. खाली दाब वाढला की पिशवी आकसते. वर एक झटका दिला की मासा सुटतो. दोन-तीन किलोच्या माशाला एवढं शिसं पुरतं. मासा वर आल्यापासून खाली जाईपर्यंत दोन मिनिटांत झालं पाहिजे, म्हणून हा दोर आधीच तयार ठेवा.

सुरमई आणि कुप्याला हवेची पिशवीच नसते, त्यामुळे त्यांना हा त्रास होत नाही. त्यांच्यासाठी प्रश्न १३.

१५. जून-जुलैच्या बंदीत खडकावरून गळ टाकला तर चालतं का? आणि चढणीचे मासे?

१ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे. किनाऱ्यावरचा गळ त्यात येत नाही. पण या दिवसांत कड्याखाली, खडकाच्या टोकाला जाऊ नका. उधाणाच्या लाटा मोजून येत नाहीत.

चढणीच्या माशांचं मात्र आम्ही ठाम सांगतो. पहिल्या पावसात ओढ्या-वहाळातून वर चढणारा मासा अंडी घालायलाच निघालेला असतो. तो पोटभर गाबोळी घेऊन अरुंद पाण्यात येतो, म्हणून तर सहज सापडतो. तिथे आडवं जाळं किंवा खोईन लावून सगळा चढ अडवला, तर त्या वहाळातली पुढची पिढी तिथेच संपते. चढ सुरू होताच पहिले चार-पाच दिवस पाणी मोकळं सोडा. नंतरही अर्धा प्रवाह मोकळाच ठेवा.

१६. मासा मापात आहे, पण गाबोळीने भरलेला आहे. ठेवू का?

कायदा अडवत नाही. तरी पोट टम्म फुगलेलं असेल आणि हलक्या हाताने दाबल्यावर अंडी बाहेर येत असतील, तर सोडा. ती मादी काही दिवसांत अंडी घालणार असते. गाबोळी खाण्याची हौस असेल तर ती बाजारातून आणून भागवा.

१७. गळाला कासव, करवत मासा किंवा बहिरी लागली तर?

तिन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. बहिरी, म्हणजे व्हेल शार्क, २००१ पासून. करवत मासा किंवा बहिरी बोटीत घेऊ नका, कशाच्याही फोटोसाठी थांबू नका. कासवाला तंगुसाने ओढून वर काढायचं नाही, घशात गळ असेल तर त्याने आतडी फाटतात. जाळीने किंवा दोन्ही हातांनी कवच धरून उचला. गळ बाहेरून दिसत असेल तर काटा कापून काढा. गिळलेला असेल तर ओढू नका, दोर तोंडाजवळ कापा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमारांसाठी राज्याची नुकसानभरपाई योजना २०१८ पासून आहे. ती जाळ्यांसाठी आहे, रॉड-रीलसाठी नाही.

१८. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास गळ टाकता येतो का?

मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभ्यात येतात. गाभ्यात गळ टाकू नका. बाकीच्या भागात उतरण्याआधी वन विभागाकडून हद्द नकाशावर दाखवून घ्या आणि मोबाइलच्या जीपीएसमध्ये खुणा करून ठेवा. वाऱ्याने होडी वाहवत आत गेली, हे कारण चालत नाही.

१९. मासा मेलाय पण माप कमी आहे. किंवा शार्कने अर्धा खाल्लाय. मग?

मासा मेला म्हणून माप बदलत नाही. मेलेल्याला सूट दिली की प्रत्येक लहान मासा पिशवीत मेलेलाच निघेल. मेलेला लहान मासा पाण्यात टाका, खाली त्याला खाणारे आहेत.

अर्धा खाल्लेल्या माशासाठी अमेरिकेच्या अटलांटिक नियमात स्पष्ट उत्तर आहे. शार्कने तोडलेला तलवार मासा उरलेल्या भागातही ४७ इंच भरला तरच ठेवता येतो. अंदाजाने हरवलेली शेपूट मापात मिळवायची नाही. सुरमईलाही हाच हिशेब लावा.

२०. आमिषाला छोटे बांगडे वापरतो. त्यांना माप लागू आहे का?

आहे. ११० मिलिमीटरखालचा बांगडा आमिषाच्या बादलीत असला तरी तो मापाखालचाच. बारीक गळांच्या माळेवर बांगड्यांची पिल्लं लागायला लागली की माळ उचला आणि मोठा गळ लावा. पेडवे आणि बाजारातल्या कोळंबीनेही काम भागतं.

२१. रात्री होडीला एलईडी दिवा लावून मासे गोळा केले तर?

नको. कृत्रिम प्रकाशाने मासे गोळा करून धरण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली आणि राज्याच्या कायद्यातही २०२१ च्या दुरुस्तीने त्यावर जबर दंड आला. अटलांटिकमध्ये तलवार माशासाठी रात्री दोराला छोटे दिवे बांधतात. ते व्हिडिओ बघून इथे तशी तयारी करू नका. होडीवरचे नियमाचे दिवे आणि डोक्याला बांधायची बॅटरी एवढंच पुरे.

२२. माशाला नंबर लिहिलेली प्लास्टिकची नळी अडकवलेली दिसली. काय करायचं?

तो टॅग आहे. मासा सोडणार असाल तर टॅग उपटू नका. नंबर लिहून घ्या किंवा फोटो काढा. मासा ठेवणार असाल तर टॅग कापून जपून ठेवा. तारीख, जागेचे जीपीएस अंक, लांबी आणि ती कोणत्या पद्धतीने मोजली (प्रश्न ३) हे लिहून मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रात द्या. लांबीची पद्धत लिहिली नाही तर मासा किती वाढला हे काढता येत नाही आणि नोंद वाया जाते.